कागद, मुदत आणि पेण-रोह्याची भरभराट

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईहून गोव्याच्या वाटेला लागलेला माणूस पेणला थांबतो तो गणपतीची मूर्ती बघायला, नाहीतर पोहे-पापड घ्यायला. रोह्याचं नाव त्याला ठाऊक असतं ते कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते स्टेशन म्हणून. या दोन्ही गावांत आणखी एक बाजारपेठ आहे आणि तिच्याकडं प्रवाशाचं लक्ष जात नाही. तहसील कचेरी आणि कोर्ट यांच्या आसपास बसलेले मुद्रांक विक्रेते, दस्त लिहिणारे, टायपिंगवाले आणि सकाळी अकराच्या सुमारास पक्षकारांच्या घोळक्यातून वाट काढणारे काळे कोट. या बाजारात भात विकलं जात नाही, मूर्ती विकली जात नाही. पण भात कुणाचं आणि कारखान्याखालची जमीन कुणाची, हे इथंच ठरत आलं आहे.

विकास म्हटला की आपण रस्ता, धरण, वीज, रेल्वे यांचा हिशेब मांडतो. वकिलाचा हिशेब कुणी मांडत नाही. वकील म्हणजे भांडण, अशी आपली समजूत. पेण-रोह्याचा दीडेकशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र वेगळंच दिसतं. इथं नवा उद्योग आला, नवी जमीन पिकाखाली आली, नवा पैसा आला, तेव्हा त्याच्या आधी एक कागद आला. त्या कागदावर एक मुदत होती. ज्याला तो कागद मुदतीच्या आत वाचून दाखवणारा कुणी भेटला, तो भरभराटीत सामील झाला. ज्याला भेटला नाही, तो आपल्याच गावात मजूर झाला.

सुरुवात खाडीपासून करावी लागेल. धरमतरच्या खाडीला लागून पेण तालुक्याचा जो पट्टा आहे त्याला आपण खारेपाट म्हणतो. ही जमीन निसर्गानं दिलेली नाही, माणसांनी ती समुद्राकडून काढून घेतली आहे. मातीचे बांध घालायचे, उघाडी बसवायची, उधाणाचं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाच्या पाण्यानं खार धुऊन काढायची आणि मग काही वर्षांनी भात लावायचं. हे भांडवलाचं काम होतं. बांध घालणाऱ्याला काय मिळणार आणि पुढं बांध कुणी राखायचा, हे ठरल्याशिवाय कुणी त्यात पैसा घालणार नव्हतं. त्यातून शिलोत्री नावाची पद्धत उभी राहिली. शिलोत्रदारानं बाहेरचा बांध सांभाळायचा आणि त्याबदल्यात कसणाऱ्याकडून भाताचा ठरावीक वाटा घ्यायचा.

करार म्हणून पाहिलं तर तो चोख होता. अडचण पुढच्या पिढ्यांत आली. वाटा घेण्याचा हक्क वारशानं चालत राहिला, बांध सांभाळण्याची जबाबदारी मात्र तितक्या निष्ठेनं चालत आली नाही. उधाणात खांड पडली की शेत खारं होणार कसणाऱ्याचं, आणि भाताचा वाटा मागायला येणार शिलोत्रदार. ही पद्धत इतकी इथली होती की ती मोडण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘मुंबई शिलोत्री हक्क (कुलाबा जिल्हा) नाहीसे करण्याबाबत अधिनियम, १९५५’ असं त्याचं लांबलचक नाव. एका जिल्ह्याच्या नावानं कायदा होणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. खारजमिनींच्या बांधांसाठी १९४८ साली एक कायदा झालेला होताच. पुढं १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा आला. बांध फुटला की दुरुस्ती कुणी करायची, या प्रश्नावर खारेपाटात आजही जोरात बोललं जातं. त्या बोलण्यामागं हा सगळा इतिहास आहे.

खारेपाटाच्या पलीकडं, पोयनाडजवळ, अलिबाग तालुक्यातलं चरी हे गाव आहे. या गावाचा संप आता पुष्कळांना माहीत आहे. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि ते १९३९ पर्यंत पाळलं. सहा वर्षं शेत पडीक ठेवायचं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोर्चा थेट मुंबईला विधिमंडळावर गेला. या लढ्यात बॅरिस्टर आंबेडकरांचं मोठेपण भाषणात जेवढं आहे तेवढंच ते विधेयकाच्या कलमांत आहे, असं मला वाटतं. शेतावरचं दुःख कायद्याच्या भाषेत कसं लिहायचं, हे त्यांना येत होतं.

खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. १९४८ चा कूळ कायदा आणि त्यातली १९५६ ची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं मालक झालं. पाठ्यपुस्तकातला इतिहास इथं संपतो. कचेरीतला इतिहास इथं सुरू होतो.

कारण कूळ मालक ‘झालं’ म्हणजे काय झालं? तहसीलदारानं शेतजमीन न्यायाधिकरण म्हणून कलम ३२-ग खाली नोटीस काढायची, कुळानं हजर व्हायचं, जमीन घ्यायला आपण तयार आहोत असं सांगायचं, मग आकाराच्या वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान किंमत ठरायची, हप्ते भरायचे आणि शेवटी कलम ३२-म चं प्रमाणपत्र हातात पडायचं. नोटीस मिळूनही जो हजर झाला नाही, किंवा घाबरून ‘नको’ म्हणाला, त्याची खरेदी निष्फळ. मालकाच्या वाड्यावर तीन पिढ्या राबलेल्या माणसानं मालकासमोर उभं राहून ‘जमीन मला हवी’ म्हणायचं होतं. पावती कधी मिळालीच नव्हती. मग आपण कूळ आहोत याचा पुरावा काय द्यायचा? सातबाऱ्यावर नाव लागलेलं नाही, तर तलाठ्याकडं दाद कशी मागायची? हे सांगणारा शेजारी, शिक्षक, पक्षाचा कार्यकर्ता किंवा तालुक्याचा वकील ज्याला भेटला, त्याचं घर पुढं आलं.

याच कायद्यातलं कलम ३२-फ तर एखाद्या सापळ्यासारखं होतं. मालक विधवा असेल, अज्ञान असेल किंवा अपंग असेल, तर कुळाची खरेदी पुढं ढकललेली होती. ती कारणं संपल्यावर ठरावीक मुदतीत कुळानं आपण होऊन कळवायचं की मला जमीन घ्यायची आहे. कळवलं नाही तर हक्क गेला. आता बघा, मालकीणबाई राहणार मुंबईला किंवा पुण्याला. त्या कधी वारल्या, त्यांचा मुलगा कधी सज्ञान झाला, हे खेड्यातल्या कुळाला कोण सांगणार? त्याला मुदत सुरू झाल्याचंच कळलं नाही, ती संपल्याचं कुठून कळणार! महाराष्ट्रभर या एका कलमावरून किती खटले चालले असतील त्याची गणती नाही, आणि पुष्कळ कुळं त्यात हरली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं कोकणातल्याच एका प्रकरणात सांगितलं की विधवा मालकिणीनंतर जमिनीत येणाऱ्या वारसानं ही गोष्ट कुळाला कळवायला हवी. त्याशिवाय कुळाच्या माथी मुदत मारता येणार नाही. न्याय झाला खरा. पण कृषक दिनाला तोवर बासष्ट वर्षं उलटली होती.

आता रोह्याकडं जाऊ. रोह्याच्या एका वकिलाच्या घरात वाढलेला मुलगा पुढं देशाचा अर्थमंत्री झाला. द्वारकानाथ गणेश देशमुख हे ते वकील आणि चिंतामणराव हा तो मुलगा. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातलं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये अर्थमंत्री. त्यांच्या नावावर लोक मुख्यतः मुंबईच्या प्रश्नावरचा १९५६ चा राजीनामा लिहितात. त्याच राजीनाम्याच्या थोडंसं आधी, १ एप्रिल १९५६ ला, त्यांच्या कारकिर्दीत तयार झालेला कंपनी कायदा अमलात आला होता. देशातल्या प्रत्येक कारखान्याची नोंदणी, भागधारकांचे हक्क, संचालकांची जबाबदारी या कायद्यावर पुढची सत्तावन्न वर्षं चालली. स्टेट बँकेची स्थापनाही त्यांच्याच काळातली, १९५५ ची. तालुक्याच्या वकिलाच्या ओसरीवर जे दिसतं, म्हणजे कागद नीट नसेल तर पैसा टिकत नाही, ते त्या मुलानं लहानपणी पाहिलं असेल काय? असेलही. पुरावा नसताना फार बोलू नये.

रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आली ती १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याच्या आधारानं. कुंडलिकेच्या काठी रसायनांचे कारखाने उभे राहिले. सरकारनं जमीन घ्यायची, महामंडळानं रस्ता-पाणी-वीज द्यायची आणि उद्योजकाला भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायचा, अशी ही रचना. उद्योजकाच्या दृष्टीनं तिचं मोठं आकर्षण म्हणजे निर्वेध मालकी हक्क. कोकणात खाजगी जमीन घ्यायची तर सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस नावं. त्यातले निम्मे गिरणगावात, काही बडोद्याला, दोघांचा पत्ताच नाही. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास मनाई. कूळ कायद्यात मिळालेली जमीन असेल तर तेव्हा कलम ४३ खाली परवानगी लागायची. वकिलानं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तीस वर्षांचा शोध घ्यायचा, फेरफार तपासायचे, तेव्हा कुठं बँक कर्जाला हात लावणार. औद्योगिक वसाहतीत हे सारं एका फटक्यात मिटतं. ज्याची जमीन गेली त्याचं मात्र तिथूनच सुरू होतं.

पुढं १९८० च्या दशकाच्या शेवटी रोहा तालुक्यातच नागोठण्याला मोठा पेट्रोरसायन प्रकल्प आला. आपटा-रोहा रेल्वे झाली, १९९० च्या दशकात रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला. या सगळ्या वर्षांत कोकणी शेतकऱ्याला दोन इंग्रजी शब्द पाठ झाले, ‘अंडर प्रोटेस्ट’. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात व्यवस्था अशी होती: निवाड्यातली रक्कम कमी वाटली तर कलम १८ खाली प्रकरण दिवाणी न्यायालयाकडं नेता येत असे. पण पैसे घेताना हरकत राखून घेतले, असं लिहिलेलं असलं पाहिजे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर अर्जाला मुदत सहा आठवडे. ज्यानं आनंदानं किंवा अजाणतेपणी नुसता अंगठा उठवला, त्याचा हा मार्ग बंद. शेजारच्या बांधावरच्या माणसानं ते दोन शब्द लिहिले, कोर्टात गेला आणि वाढीव भाव घेऊन आला. एकच माती, एकच पाणी, दोन भाव.

हा अन्याय इतका उघड होता की १९८४ च्या दुरुस्तीत कलम २८-अ घालण्यात आलं. शेजाऱ्याला कोर्टानं वाढ दिली तर त्याच अधिसूचनेतल्या, कोर्टात न गेलेल्या माणसालाही ती मागता येईल. कधी? निकालापासून तीन महिन्यांच्या आत. पुन्हा मुदत आलीच! शेजारी जिंकल्याचं तीन महिन्यांत कळायचं आणि अर्जही तेवढ्यात पडायचा. सामायिक खात्यांची कथा तर आणखी निराळी. भावकीत वाटणीचा वाद असेल तर भरपाईची रक्कम न्यायालयात जमा होते आणि वाद मिटेपर्यंत तिथंच राहते. कारखान्याचा भोंगा वाजायला लागतो, मुलं मोठी होतात, पैसा कोर्टातच.

योगायोग असा की ही दुरुस्ती ज्या वर्षी झाली त्याच १९८४ च्या जानेवारीत शेजारच्या उरण तालुक्यात जासई आणि दास्तान फाटा इथं शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले होते. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील पेशानं वकील. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड, हे सूत्र त्या लढ्यातून आलं. रोख रकमेचा हिशेब सोडून शहराच्या वाढीतला हिस्सा मागायचा, ही कल्पना मला तरी या जिल्ह्यानं देशाला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक वाटते.

पेणकरांनी या सगळ्या अनुभवाचं चीज केलं ते महामुंबई सेझच्या वेळी. २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली ४५ गावं महाकाय प्रकल्पासाठी संपादनाच्या यादीत आली. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशी मंडळी गावोगाव फिरत होती. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, ते वर्तमानपत्रांत आलं. जे आलं नाही ते असं की देवळांत आणि शाळांत बसून माणसं हरकतीचे अर्ज भरत होती. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे काय, ५-अ खाली हरकत तीस दिवसांत का द्यायची, सुनावणीला काय बोलायचं, याचे वर्गच जणू भरत होते.

त्यात पेणच्या २२ गावांचा मुद्दा सर्वांत धारदार ठरला. ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. ज्या शेताला पाणी द्यायला सरकारनं धरण बांधलं, तेच शेत ओलिताची जमीन नाही असं सरकार कसं म्हणणार? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनानं त्या २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर मतदान घेतलं. प्रकल्पासाठी शेतकऱ्यांचं असं सरकारी जनमत घेतलं जाणं ही आपल्याकडं अपूर्वाई होती. निकाल रीतसर जाहीर झाला नाही, पण तो काय असणार याविषयी पेणच्या बाजारात कुणाला शंका नव्हती. आणि शेवटी घात झाला तोही मुदतीनंच, या खेपेस दुसऱ्या बाजूचा. १८९४ च्या कायद्याच्या कलम ११-अ नुसार घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा करावा लागे. हरकती आणि सुनावण्या यांच्या रेट्यात ती वर्षं निघून गेली. सेझ उभं राहिलं नाही.

याला विकासाचा पराभव म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्या गावांतल्या तरुणांना नोकऱ्या हव्याच होत्या. पण शेतकरी ‘विकास नको’ म्हणत नव्हता. आमच्या जमिनीच्या सौद्यात आम्हाला खुर्ची द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्यानं खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. देशात त्यासाठी ज्या लढ्यांची नावं घेतली जातात, त्यांत पेणचं नाव यायला हवं.

सेझचं वादळ शमतं न शमतं तोच २०१० च्या सप्टेंबरमध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. हजारो ठेवीदारांचे, छोट्या दुकानदारांचे पैसे अडकले. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एक लाख होती. ती पाच लाख झाली २०२० मध्ये. ठेवीदारांनी संघर्ष समिती केली आणि पुन्हा तेच, कागद गोळा करा, दावे भरा, उच्च न्यायालयात जा.

मूर्तिकारांच्या वाट्यालाही कोर्ट आलं. जोहे, हमरापूर या गावांत वर्षभर गणपती घडतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आणली. पर्यावरणाचा प्रश्न खरा, पण कारखान्यात पुढच्या गणेशोत्सवाच्या मूर्ती तयार असताना धंदा थांबवायचा कसा? मुंबई उच्च न्यायालयानं ९ जून २०२५ रोजी मूर्ती बनवण्याला आणि विकण्याला वाट मोकळी करून दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनावर अंकुश ठेवला. ज्यांच्या वडिलांनी कोर्टाची पायरी चढली नव्हती ते मूर्तिकार आता याचिका, प्रतिज्ञापत्र, तज्ज्ञ समिती हे शब्द सहज बोलतात.

मग वकिलाची फी परवडत नाही त्यानं काय करायचं? विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा. तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. तालुका पातळीवर विधी सेवा समित्या आल्या, लोकअदालती भरू लागल्या. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकील फुकट मिळण्याचा हक्क त्यात आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या दळीची जमीन कसणारे कातकरी आणि ठाकर यांच्यासाठी ही मदत चैनीची नाही. जुन्या दळीच्या पट्ट्यांचं हक्कात रूपांतर करण्याची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. पण त्यासाठी दावा भरायला हवा, नकाशा हवा, पुरावे हवेत. संघटनांच्या कार्यकर्त्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. समित्यांनी कोर्टाच्या आवारातून उठून वाडीवर जावं, असं माझं मत आहे.

आता पेणच्या दारात पुन्हा एक कागद आला आहे. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला आणि त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर कर्नाळा-साई-चिरनेर हे नवं शहर वसवण्याचं ठरलं. मसुदा मार्चमध्ये निघाला, हरकतींना मुदत दिली गेली, हजारो शेतकऱ्यांनी हरकती नोंदवल्या. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. कागदपत्रं चाळायला बसलेल्या घरांना पहिली अडचण जाणवते ती जुनीच: सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे. तेव्हा तलाठ्याकडं पहिला अर्ज जातो तो वारस नोंदीचा, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायला आता पेणमध्ये कुणी विसरत नाही.